नोंदवहीचे धनी

लोकसेवेच्या क्षेत्रात संगणकाचा प्रवेश झाल्यापासून त्या विषयावर जे लिहिले-बोलले जाते त्यात दोन सूर प्रामुख्याने ऐकू येतात. पहिला सूर शहरांतील तरुण अभियंत्यांचा. गरिबांचे जे प्रश्न कार्यकर्त्यांच्या दोन पिढ्यांना सुटले नाहीत ते योग्य प्रणाली हाती आली की पाहता पाहता सुटतील, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा असते. दुसरा सूर खेड्यापाड्यांत केस पांढरे केलेल्या कार्यकर्त्यांचा. यंत्राने माणूस माणसाला जोडला जात नाही, कार्यकर्त्याचा कारकून मात्र होतो, असे ते खेदाने सांगतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. परंतु संगणक हीच या क्षेत्रातील पहिली यंत्रविद्या होय असे दोघेही गृहीत धरून चालतात, आणि गफलत होते ती तेथे. संघटना म्हटली की सभासदांची यादी आली, वर्गणी आली, पावतीपुस्तक आले, सभेचे इतिवृत्त आले. आणि हे दप्तर कोणी लिहायचे, कोणाच्या ताब्यात ठेवायचे व कोणाला वाचू द्यायचे, हा वाद संगणक जन्मास येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे. ज्यांच्याविषयी नोंद केली जाते त्यांचा त्या नोंदीवर अंमल किती, या एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने या सर्व खटाटोपाकडे पाहिले असता त्यातील यशापयशाचा पुष्कळसा उलगडा होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्याकडील आरंभ पाहायचा तर पुण्याच्या सार्वजनिक सभेपर्यंत मागे जावे लागते. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेचा नियम असा होता की, ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणून दाखवावा. आणि आरंभीच्या ९५ सभासदांनी मिळून सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारी आणली होती. प्रातिनिधिकतेचा दावा नुसत्या भाषणाने सिद्ध होत नाही, त्यास कागद लागतो, ही गोष्ट गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी पक्की ओळखून होते. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने ठिकठिकाणी माणसे धाडून पिकांची, गुरांची, स्थलांतराची व उपासमारीची हकिकत जमविली आणि ती निवेदनांच्या रूपाने मुंबई सरकारपुढे वेळोवेळी मांडली. सरकारच्या आकड्यांना प्रजेचे आकडे समोर उभे करण्याचा हा उद्योग त्या काळात अपूर्वच म्हटला पाहिजे. तथापि ज्या कुणब्याची उपासमार त्या निवेदनांत वर्णिली होती त्याला ती वाचता आली नसती, आणि त्याने ती वाचावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. सुशिक्षिताने रयतेच्या वतीने लिहावे व साहेबाने वाचावे, अशी ती वहिवाट होती. ती पुढे फार काळ टिकली आणि अजूनही सर्वस्वी मोडलेली नाही.

सेवकाच्या निर्वाहाचा प्रश्नही तितकाच जुना आहे. लोकसेवा म्हणजे विनावेतन सेवा, असा समज आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की संस्थेतील संगणक-जाणकाराने पगाराची गोष्ट काढली की विश्वस्तांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदांकडून त्यागाच्या शपथा घेतल्या तशी त्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या निर्वाहाची तजवीजही केली, आणि त्यांच्या शिक्षणासाठी पाच वर्षांची मुदत राखून ठेवली. राष्ट्रसेवादलाची शिबिरे, बाबा आमट्यांनी १९६७ साली सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी, १९६९ पासूनची राष्ट्रीय सेवा योजना, ही परंपरा निराळी. तेथे तरुण काही दिवस राबतो, शिकतो आणि परत जातो, आणि ते तसेच अभिप्रेतही असते. आजन्म सेवक आणि सुटीतला स्वयंसेवक या दोन जातींची कामे वेगळी आहेत. आजच्या संस्थांचा पुष्कळसा गोंधळ पहिल्याचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याने होतो. त्याचा विचार पुढे येईलच.

वहिवाट मोडण्याची जी ठळक उदाहरणे आहेत त्यांतील एक मुंबईतील भायखळ्याचे. १९८५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथवासीयांच्या खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात समाविष्ट असल्याचे तत्त्व त्याने मान्य केले, पण पदपथावर वस्ती करण्याचा हक्क नाकारला आणि पावसाळा सरल्यावर झोपड्या हटविण्याची महापालिकेला मुभा दिली. हटविणार कोणाला, ते किती, कोठून आले, पोटासाठी काय करतात, यांविषयी सरकारदरबारी विश्वसनीय तपशील नव्हता, कारण झोपडपट्ट्यांच्या गणनेत पदपथावरची वस्ती धरलीच जात नसे. तेव्हा आदल्याच वर्षी निघालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथावरील रहिवाशांना बरोबर घेऊन सुमारे ६,००० कुटुंबांची शिरगणती केली, आणि ज्यांना भिकारी व गुन्हेगार समजले जाई ते वस्तुतः जवळपासच्याच बाजारांत, गोदामांत आणि घरांत राबणारे मोलकरी आहेत, हे त्यातून दाखवून दिले. या गणनेचे श्रेय केवळ आकड्यांत नाही. आपल्या झोपडीला क्रमांक आहे, आपल्या नावाचा कागद आहे, आणि तो कागद आपल्यापैकीच कोणीतरी भरला आहे, याची जाणीव त्या वस्तीतील स्त्रियांना झाली, आणि त्यांच्यातून ‘महिला मिलन’ उभे राहिले. त्यांच्या बचतीची पद्धत आजच्या कोणाही प्रणालीकाराने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. अक्षरओळख नसलेल्या बायकांसाठी प्रत्येकीची एक प्लास्टिकची पिशवी असे, आणि जमा केलेल्या रकमेच्या खुणेदाखल त्या पिशवीत ठरावीक रंगांचे कागदाचे चौकोन पडत. अमुक रंग म्हणजे अमुक रुपये. पिशवी उलटी केली की खातेदारणीला आपली शिल्लक स्वतःला मोजता येई. खातेपुस्तक, ताळेबंद आणि तपासनीस ही तिन्ही कामे तेथे एका पिशवीत सामावली होती, आणि मुख्य म्हणजे पैसे मागायला आलेल्या भावाला किंवा नवऱ्याला ‘माझ्याकडे किती आहेत ते मला ठाऊक नाही’ असे सांगण्याची पाळी तिच्यावर येत नव्हती. सांगायचे की नाही, हे तिचे तीच ठरवी.

पुण्याच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची कथा याच जातीची आहे. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पाठबळाने कचरावेचक एकत्र आले, आणि नव्वदीच्या दशकातच त्यांना महापालिकेने मान्यता दिलेली ओळखपत्रे मिळाली. पहाटेच्या अंधारात पोते घेऊन फिरणाऱ्या बाईला शिपायाने हटकले असता कमरेच्या पिशवीतून काढून दाखवायला छायाचित्राचे एक पुठ्ठ्याचे कार्ड तिच्याकडे असणे, याची किंमत ज्याला कधी कोणी हटकलेले नाही त्याला कळायची नाही. या कार्डात विद्या म्हणाल तर काहीच नाही; ते देणारी संघटना तिच्या मागे उभी होती, म्हणून त्या कार्डाला वजन होते.

नोंदीवरून झालेल्या लढ्यांत राजस्थानच्या मजदूर किसान शक्ती संघटनेला अग्रमान द्यावा लागेल. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि परिसरातील शेतकरी-मजुरांनी १९९० साली ही संघटना स्थापिली. दुष्काळी कामावर राबूनही किमान वेतन पदरात पडत नाही, अशी मजुरांची तक्रार होती. आणि अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असे, की हजेरीपटानुसार तुमचे कामच तेवढे भरलेले नाही. मग हजेरीपट दाखवा, असे म्हटले की तो सरकारी गुप्त कागद ठरे. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना येथे पहिली जनसुनवाई भरली, तीत मिळविलेले कागद गावकऱ्यांसमक्ष मोठ्याने वाचले गेले, आणि अशा सुनावण्यांतून कधीच कामावर न गेलेल्यांच्या नावे मजुरी, मयतांच्या नावे मजुरी, न झालेल्या बांधकामाचा सिमेंट-खडीचा खर्च, अशी सारी वस्तुस्थिती चव्हाट्यावर आली. असे कागद मागण्याच्या हक्कासाठी १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले; पुढे राज्याराज्यांत कायदे झाले, त्यांत महाराष्ट्राचा २००२ चा कायदा अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे आला; आणि २००५ साली माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा अस्तित्वात आला. या सगळ्या काळात संघटनेजवळचे यंत्र म्हणजे ध्वनिक्षेपक आणि मिळालीच तर छायाप्रत काढण्याची सोय, एवढेच. पुढे संगणकाची विद्या जाणणारे लोक तिला येऊन मिळाले तेव्हाही काय मागायचे हे संघटनेला आधीपासून ठाऊक होते, म्हणून २०१९ साली राजस्थान सरकारने सुरू केलेल्या जनसूचना संकेतस्थळावर, अर्ज न करताच आपल्या पंचायतीचे धान्य, मजुरी व निवृत्तिवेतन यांचा हिशेब नावानिशी पाहता यावा, अशी रचना होऊ शकली. वीस-पंचवीस वर्षे कागद वाचणाऱ्यांनी मागणी घडवली, मग तिला प्रणालीचे रूप आले. हा क्रम उलटा करून पाहणाऱ्यांचे प्रयोग सहसा उद्घाटनाच्या छायाचित्रापुरते जगतात.

आणखी एक उदाहरण गडचिरोलीचे आहे, आणि ते यंत्राच्या बाजूने बोलते म्हणून अधिक विस्ताराने सांगण्याजोगे आहे. अभय व राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था तेथे सुरू केली. बालमृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा. तो ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बाळाच्या श्वासांची गती, परंतु गावातल्या दाईला साठापर्यंत आकडे मोजता येत नाहीत आणि घड्याळ वाचता येत नाही, ही अडचण. तेव्हा त्यांनी श्वास मोजण्याचे एक साधे उपकरण बनविले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांखालील तान्ह्यांसाठी व दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. वाळू उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे पाहायचे, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा तांबडा मणी सरकला तर औषध सुरू करायचे. मोजमाप शास्त्रशुद्ध, निर्णय दाईचा, आणि निर्णयाचा पुरावा आईच्या डोळ्यांसमोर. पुढे १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची शुश्रूषा करण्याचा प्रयोग झाला, आणि तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी आढळले. ही आकडेवारी १९९९ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केली. त्या आकड्यांच्या विश्वसनीयतेला कारण असे की, प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू ज्या स्त्रीने नोंदविला ती त्याच आळीत राहत होती. मणी आणि वाळू यांना वीज लागत नाही, हा त्यांचा गुण दुय्यम आहे. दाईच्या बुद्धीवर विश्वास ठेवून ते उपकरण घडविले गेले, हा मुख्य.

परदेशात या व्यवसायाला रीतसर रूप आले ते गेल्या शतकाच्या अखेरीस. सॅन फ्रान्सिस्को येथे १९८७ साली ‘कॉम्प्यूमेंटर’ निघाली, तिचेच पुढे ‘टेकसूप’ झाले. संगणक जाणणाऱ्या स्वयंसेवकाची व संगणक न जाणणाऱ्या संस्थेची गाठ घालून देणे हे तिचे पहिले काम. नव्वदीच्या दशकात अमेरिकेत फिरते तंत्रज्ञ नेमण्याची रीत पडली. एका जाणकाराच्या वाट्याला पाच-पंचवीस लहान संस्था येत, आणि तो घोडेस्वार धर्मोपदेशकासारखा त्यांच्याकडे फेऱ्या घालून पत्त्यांची यादी लावून देई, जाळे जोडी, कोणाला तरी शिकवून पुढच्या गावी जाई. ही कल्पना आपल्याकडे तालुक्याच्या पातळीवर अद्यापि कोणी नेटाने राबवलेली दिसत नाही, आणि राबवण्यासारखी आहे. केनियात २००७ च्या अखेरीस निवडणुकीनंतर दंगली उसळल्या तेव्हा काही केनियन तरुणांनी ‘उशाहिदी’ ही प्रणाली थोडक्या दिवसांत उभारली आणि लोकांनी पाठविलेली अत्याचारांची वृत्ते नकाशावर मांडली. २०१० च्या हैतीमधील भूकंपात तीच प्रणाली वापरून बोस्टनमधील विद्यार्थी व देशोदेशी विखुरलेले हैतीयन यांनी क्रियोल भाषेतील लघुसंदेशांची भाषांतरे रात्रंदिवस केली. त्या कामाचे कौतुक सार्थच होते. मात्र दूर देशी नकाशा भरणाऱ्याला संदेश पाठविणारा कधी भेटत नाही, आणि संकट ओसरले की नकाशा ओस पडतो.

आपल्या देशातील प्रयोगांपैकी छत्तीसगडचा ‘सीजीनेट स्वर’ याहून अधिक विचारप्रवर्तक आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली तो सुरू केला. आदिवासी भागात वर्तमानपत्र पोचत नाही, पोचले तर गोंडी भाषेत नसते, आणि आंतरजाल तर त्या काळी नव्हतेच; पण साधा भ्रमणध्वनी होता. ठरावीक क्रमांकावर ‘मिस कॉल’ द्यायचा, उलट फोन येतो, एक अंक दाबून आपली बातमी सांगायची व दुसरा दाबून इतरांची ऐकायची. शहानिशा करून ती सर्वांसाठी खुली होते. हातपंप बंद आहे, मजुरी थकली आहे, शिक्षक येत नाही, अशा तक्रारींच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांक सांगण्याची प्रथा पडली, आणि दूरच्या शहरातील श्रोते त्या अधिकाऱ्याला फोन करून जाब विचारू लागले. काही दिवसांनी तोच माणूस पुन्हा फोन करून पंप सुरू झाल्याचे सांगे. गोंडी भाषा आपल्या गडचिरोलीतही बोलली जाते, म्हणून हा प्रयोग महाराष्ट्राला परका नाही. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने चालविलेले सामुदायिक नभोवाणी केंद्र किंवा गोव्यातून काम करणाऱ्या ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ने २०१० पासून ठिकठिकाणी तयार केलेले ग्रामीण चित्रवार्ताहर हेही याच मार्गावरचे. वस्तीतील बाई कॅमेरा घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात शिरते तेव्हा चित्रीकरणाच्या दर्जाची चर्चा फिजूल असते. कालपर्यंत जिला बाकावर ताटकळत ठेवले तिला आज खुर्ची दिली जाते, एवढे पाहावे.

आता स्वयंसेवकांच्या उत्साहाकडे वळू. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत दोन मोठे स्वयंसेवी उद्योग उभे राहिले, आणि त्या दोहोंतील फरक बोधप्रद आहे. एक ‘कोविड १९ इंडिया’: देशभरच्या तरुणांनी राज्यांच्या विखुरलेल्या निवेदनांतून रुग्णसंख्येचे आकडे गोळा करून दररोज एकत्र मांडले, आणि वृत्तपत्रांपासून संशोधकांपर्यंत सर्वांनी त्यांचा आधार घेतला. जे काम सरकारने करायचे ते विद्यार्थी व नोकरदार यांनी रात्री जागून केले, आणि आता हे आमच्या शक्तीबाहेर आहे असे आगाऊ जाहीर करून ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी सन्मानाने थांबविले. कधी थांबायचे हे ठरविणे ही गोष्ट स्वयंसेवी कामात दुर्मीळ आहे. दुसरा उद्योग अडकलेल्या मजुरांसाठीच्या ‘स्वान’ या जाळ्याचा: स्वयंसेवक फोन घेत, कोण कोठे अडकला, किती माणसे, किती दिवसांचे धान्य, हे तक्त्यांत भरीत, आणि थेट मदतीची व्यवस्था लावीत. एप्रिलच्या मध्यास त्यांनी ११,१५९ मजुरांच्या माहितीवरून अहवाल काढला. त्यांतील ९६ टक्क्यांना सरकारी धान्य मिळाले नव्हते, हा आकडा तेव्हा देशभर गाजला. तक्ता साधा होता, शाळकरी मुलालाही भरता येईल असा. परंतु स्वयंसेवकाला प्रत्येक ओळीमागचा आवाज ऐकावा लागे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला पुन्हा फोन करावा लागे. ज्यांनी हे महिनोन्महिने केले त्यांचा मनस्ताप कोणत्याही तक्त्यात आलेला नाही.

संकटकाळातील या उत्साहाच्या मानाने शांतताकाळातील स्वयंसेवेचे चित्र फिके आहे. शनिवार-रविवारी स्पर्धा भरते, चहा-नाश्ता होतो, छत्तीस तासांत एखाद्या संस्थेसाठी प्रणाली तयार होते, बक्षीस मिळते, आणि सोमवारी सगळे आपापल्या कचेरीत परततात. संस्थेच्या हाती काय राहते? तालुक्याच्या गावी असलेल्या कित्येक संस्थांच्या कचेरीत हे दृश्य नेहमीचे आहे: लाभार्थींची यादी तीन ठिकाणी तीन तऱ्हांची; पैकी एक वही, दुसरी कोणा हौशी स्वयंसेवकाने केलेली एक्सेलची फाईल, तिचे नावच ‘अंतिम’, शेजारी ‘अंतिम नवीन’; आणि तिसरी एका संकेतस्थळावर, ज्याचा पासवर्ड पुण्याहून अमेरिकेला गेलेल्या मुलापाशी राहिला. वार्षिक अहवाल मात्र वहीवरून लिहिला जातो, कारण वही लिहिणाऱ्या ताई अजून तेथेच आहेत. यात त्या मुलाला दोष देण्याचे कारण नाही. घर बांधून देणे आणि दरसाल छप्पर शाकारणे या दोन गोष्टींपैकी पहिलीलाच टाळ्या मिळतात. याला अपवाद आहेत. बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या रुग्णालयासाठी ‘बाह्मनी’ ही मुक्त प्रणाली झाली, ती डॉक्टर, परिचारिका आणि पगारी प्रणालीकार यांनी दीर्घकाळ एकत्र बसून. म्हणून ती टिकली व अन्य रुग्णालयांत गेली.

पगारी हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण या क्षेत्रातील खरी कोंडी पैशांची आहे. कंपनी कायदा २०१३ मधील १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि त्यातून संस्थांकडे निधीचा नवा ओघ आला. परंतु देणगीदाराला दप्तरे, टॅब आणि प्रयोगशाळा यांवर नाव कोरता येते, दप्तर सांभाळणाऱ्याच्या पगारावर येत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी पुढे देण्यास मनाई केली. या दुसऱ्या अटीचा फटका लहान संघटनांना अधिक बसला. कारण मोठी संस्था शहरात निधी मिळवी व त्यातील वाटा आडगावच्या गटाला देई, ही जुनी वाट त्यामुळे बंद झाली. गैरव्यवहाराला आळा बसावा हा हेतू कोणी नाकारणार नाही. पण ज्या संस्थेला हिशेबनीस आणि प्रणालीरक्षक ठेवणे परवडत नाही तिच्याकडूनच अधिक काटेकोर हिशेब मागण्यात विसंगती आहे, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. परिणामी शहरातील कंपनीत ज्या कामाला भरघोस वेतन मिळते तेच काम संस्थेत निम्म्याहून कमी वेतनावर, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, प्रकल्प संपेपर्यंत करायचे. हुशार मुले येतात, दोन-तीन वर्षे झिजतात, लग्नाची बोलणी सुरू झाली की जातात. त्यांना ध्येयवादाची व्याख्याने देणे अशिष्टपणाचे आहे.

आणि स्वयंसेवेच्या नावाखाली सर्वांत मोठा अन्याय करते ते सरकार. गावातील आरोग्य कार्यकर्ती ‘आशा’ हिला कागदोपत्री स्वयंसेविका म्हणायचे व कामागणिक मोबदला द्यायचा. अंगणवाडी सेविका मानसेवी, म्हणून तिला वेतन नाही, मानधन. अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क आहे, एवढे ठरायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. या स्त्रियांच्या हाती २०२१ मध्ये पोषणाच्या नोंदीसाठी नवी प्रणाली आली. ती इंग्रजीत, दिलेले भ्रमणध्वनी जुने, त्यांची स्मृती अपुरी, दुरुस्तीचा भुर्दंड पदरचा. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये ते फोन सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. तालुक्याच्या कचेरीत टेबलावर फोनांचा ढीग रचून त्याची पोच मागणाऱ्या या बायकांना यंत्रविरोधी ठरविणारे लेख तेव्हा आले. त्यांची मागणी मात्र मराठी प्रणालीची आणि चालणाऱ्या फोनची होती.

रोजगार हमीच्या कामावर हेच झाले. मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा, स्थळ-काळासह छायाचित्र काढून प्रणालीत भरणे १ जानेवारी २०२३ पासून बहुतेक सर्व कामांवर सक्तीचे झाले. हेतू पारदर्शकतेचा. पण डोंगरात जाळे मिळाले नाही, छायाचित्र चढले नाही, तर राबलेल्या दिवसाची मजुरी बुडे. मजुरांनी त्या वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावे लागले की असंबद्ध छायाचित्रे व छायाचित्रांची छायाचित्रे चढवून बनावट हजेरी लावली जात आहे. कोट किरानाचा हजेरीपट कपाटात कुलूपबंद होता तरी तो बाहेर काढून गावासमोर वाचता आला. नवा हजेरीपट दूरच्या संगणकात आहे, तो चुकला तर मुकादमापासून तहसीलदारापर्यंत सर्वजण ‘वरून होते’ असे सांगतात. अशा वेळी ‘लिबटेक इंडिया’सारखा अभियंते, अभ्यासक आणि कार्यकर्ते यांचा गट सरकारी संकेतस्थळावरील नोंदी उतरवून घेतो, कोणाची मजुरी कोणत्या टप्प्यावर अडकली हे शोधतो, आणि ती यादी गावातल्या संघटनेच्या हाती देतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील आजचे सर्वांत उपयुक्त काम हे आहे. त्यात नवी प्रणाली फारशी घडत नाही, आणि म्हणूनच त्याला बक्षिसे मिळत नाहीत.

या कामापुढे एक नवा पेच उभा आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीच्या उपकलमातील पूर्वीच्या अटी गाळून ते अधिक कडक केले. गरिबांच्या आजारांची, जातीची आणि कर्जाची माहिती संस्थांच्या उघड्या तक्त्यांत वर्षानुवर्षे पडून असते, हे खरे; तिला कुलूप हवे, हेही खरे, आणि या बाबतीत स्वयंसेवी संस्थांची वागणूक सरकारपेक्षा फारशी बरी नाही. परंतु जनसुनावणीचा सारा पायाच नाव मोठ्याने वाचण्यावर आहे. हजेरीपटातील नाव वैयक्तिक माहिती म्हणून झाकले तर मयताच्या नावे उचललेली मजुरी शोधायची कशी? लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते अशी तरतूद माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात अन्यत्र शिल्लक आहे. ती वापरायची तर प्रत्येक अर्जागणिक जनमाहिती अधिकाऱ्याशी, मग अपिलात, मग आयोगापुढे भांडावे लागेल, आणि आयोगापुढील अपिलांची थकबाकी पाहता त्यात वर्षे जातील. तोवर ब्यावरच्या वाटेने, गावातील प्रत्येकाने आपापली नोंद स्वतः मागून घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून ती चावडीवर ताडून पाहायची, एवढा उपाय उरतो. आपली स्वतःची माहिती मागण्यास नवा कायदाही आडकाठी करीत नाही. त्यासाठी गावागणिक पाच-पन्नास अर्ज लिहून देणारी, पोच जपणारी आणि आलेले कागद वाचून दाखविणारी माणसे लागतील, आणि त्यांच्या प्रवासखर्चाला पैसे कोण देणार, हे अद्याप कोणत्याही निधीच्या अर्जात लिहायला जागा नाही.